लुमेन मोजून डुक्कर ओळखता येत नाही

टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकरं रात्रीही मारता येतात. 2019 पासून त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. म्हणून मग नवखा माणूस रायफल घेतो आणि दुसऱ्याच दिवशी तिला लावायला टॉर्च शोधू लागतो. त्याला हमखास मिळणारा आणि आता आपल्या मराठी मंडळींतही फिरणारा सल्ला असा: "सगळ्यात जास्त लुमेनवाला उचल. हिरवा मिळाला तर सोन्याहून पिवळं, डुकरांना हिरवा दिसतच नाही. तीनशे डॉलर कशाला घालवतोस, चाळीसात दहा हजार लुमेन मिळतात. आणि रायफलवर उजेड असताना हातात वेगळा टॉर्च हवाच कशाला?"

यातलं एकेक घेऊ.

आधी लुमेन. टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, एवढंच हा आकडा सांगतो. तो कुठे पडतो याचा त्यात पत्ता नसतो. झोताच्या मध्याची तीव्रता कँडेलात मोजतात, आणि लांबचं काही ओळखायचं असेल तर खरं काम ती करते. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, पण धार लांब जाते. टॉर्चचा रिफ्लेक्टर तेच करतो. शुअरफायर कंपनीचा एम600डीएफ टॉर्च 1,500 लुमेनचा, पण कँडेला 16,000च्या आसपास. मॉडलाइट कंपनीचा ओकेडब्ल्यू जेमतेम 680 लुमेनचा आणि कँडेला 69,000. लुमेन निम्म्याहून कमी, तीव्रता चौपट. आता 100 मीटरवर कुंपणापाशी काहीतरी काळं उभं आहे असं धरा. कँडेलाला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की तिथे पडणारा उजेड लक्समध्ये मिळतो: पहिल्याचा उजेड तिथे पोचतो 1.6 लक्स, दुसऱ्याचा 6.9. पहिल्यात "काहीतरी आहे" एवढं कळतं. दुसऱ्यात ते डुक्कर आहे की शेजाऱ्याचं वासरू, हे कळण्याची शक्यता बरीच जास्त.

खोक्यावरच्या 'बीम डिस्टन्स'नेही हुरळून जाऊ नका. अमेरिकेतल्या एफएल1 मानकानुसार, झोत जिथे 0.25 लक्सवर येतो ते अंतर छापतात. म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. चांदण्यात गोळी झाडण्याइतपत ओळख पटते का, तुम्हीच सांगा.

जास्त लुमेनचा तोटाही होतो, आणि तो दमट रात्री दिसतो. ह्यूस्टनच्या बाजूला पहाटे धुकं उतरलं की पसरट झोत समोरच्या पाच-दहा मीटरांतल्या धुक्यावरच आपटून परत डोळ्यांत येतो. कळपाने उडवलेल्या धुळीतही तेच. मात्र सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. टॉर्च फक्त घरातल्या रायफलीसाठी हवा असेल तर पसरट झोत सोयीचा, खोलीचे कोपरे एकदम दिसतात. तिथे अणकुचीदार झोत पांढऱ्या भिंतीवर पडला तर आपलेच डोळे दिपतात.

चाळीस डॉलरातले दहा हजार लुमेन ही तर शुद्ध लोणकढी थाप. साधा हिशेब करा. टॉर्चमधला चांगला एलईडी एका वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन देतो, म्हणजे दहा हजारांना निदान 80 वॉट लागणार. आत 18650चा (म्हणजे टॉर्चमध्ये नेहमी असतो तो रिचार्ज होणारा) एक सेल, 3.6 व्होल्टचा. त्यातून सतत 22 अँपिअर ओढायला हवेत. चांगल्यातला चांगला सेल धरला तरी नऊ-दहा मिनिटांत संपेल, आणि तेवढ्या वेळात अंगठ्याएवढं डोकं हात लावता येणार नाही इतकं तापेल. प्रत्यक्षात तसं काही होत नाही, कारण तेवढा उजेड निघतच नाही. असल्या टॉर्चसोबत येणाऱ्या सेलवर क्षमता 9,900 एमएएच छापलेली दिसलं की समजून जा. बाजारातले बहुतेक चांगले 18650 सेल 3,500च्या आसपासच थांबतात.

त्याहून मोठी अडचण धक्क्याची. स्वस्त टॉर्चमध्ये सेल एकाच मऊ स्प्रिंगवर टेकलेला असतो. गोळी सुटली की तो क्षणभर पुढे-मागे होतो आणि संपर्क तुटतो. टॉर्चला वाटतं बटण दाबलं. मग फुल्लवरून मंद, दुसऱ्या गोळीला लुकलुक, तिसरीला एसओएस, म्हणजे मदतीच्या हाकेची उघडझाप! ऐन वेळी रायफलच्या टोकाला दिवाळी. रायफलसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये स्प्रिंग दोन्हीकडून असते, सर्किट पक्कं बसवलेलं असतं, आणि बटण दाबलं की फक्त उजेड होतो. जास्तीचे पैसे याचे. तीनशेच घालवावेत असं नाही. स्ट्रीमलाइट कंपनीचे प्रोटॅक टॉर्च त्याच्या निम्म्यात मिळतात आणि बहुतेकांना पुरतात.

आता हिरवा रंग. डुकराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, एक निळ्याकडची, दुसरी हिरव्याकडची. म्हणजे जो रंग दिसत नाही म्हणतात, नेमका तोच त्याला छान दिसतो. खरंच कमी दिसतो तो लाल. हिरवा आपल्याला उजळ वाटतो, कारण माणसाचा डोळा त्या रंगाला सर्वांत संवेदनशील. श्रेय असेल तर एवढंच. उलट एकरंगी उजेडात तपकिरी, काळं, तांबूस सगळं एकाच छटेचं होतं, आणि ओळखायला तर तोच फरक हवा असतो. टेक्सासमध्ये व्हाइटटेल हरणाची शिकार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होते, त्यामुळे रात्री चुकीच्या आकृतीवर घोडा ओढणं महागात पडतं. बाकी डुकरं बुजतात ती अचानक अंगावर आलेल्या प्रखर झोताने, आणि त्याहून जास्त वासाने. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असेल तर टॉर्च कुठल्याही रंगाचा घ्या, शेत रिकामंच सापडेल.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. रायफलवरचा टॉर्च जिकडे, नळी तिकडे. फाटकाची कडी लागली का, ट्रकखाली किल्ली पडली का, पलीकडून येतोय तो आपलाच माणूस का, हे सगळं भरलेल्या रायफलीने बघणार? घरात तर आणखी वाईट: स्वयंपाकघरात खुडबुड झाली, झोत टाकला, आणि पाणी प्यायला उठलेली मुलगी नळीसमोर. रायफलवरचा टॉर्च लावायचा तो धोका समोर आहे याची खात्री पटत आल्यावर, शेवटची ओळख पटवायला. एरवीसाठी शंभर-दीडशे लुमेनचा साधा टॉर्च खिशात टाका, नाहीतर कपाळाला हेडलॅम्प बांधा. वीस-तीस डॉलरात काम होतं.