वॉचमन आणि वसुलीवाला एक नव्हेत

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून फिरून आला. म्हणणं असं: विंडोजचं ‘ॲक्टिव्हेट करा’ आणि उठसूट येणारं ‘यस की नो’, दोन्ही पैसे उकळायचे धंदे. लायसन घेऊनही त्रास तोच. म्हणून यूएसी (तेच ते ‘यस की नो’ विचारणारं) बंद करा, अपडेट बंद करा, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस, बंद करून फुकटचा ॲक्टिव्हेटर (लायसन न घेताच विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. कॉम्प्युटर पळेल. खाली हात जोडलेले.

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात माझं डीटीपी आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे या मेसेजमागची चीड मला कळते. परवाच एक आबा स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, “हाई काय सारखं सारखं इचारस रे भाऊ?” पण चीड खरी असली तरी सल्ला घात करणारा आहे.

पहिलं म्हणजे दोन्ही गोष्टी एक नाहीत. लायसन तपासणारा वसुलीवाला, तो विंडोजच्या कंपनीसाठी, मायक्रोसॉफ्टसाठी येतो. यूएसी हा दारावरचा वॉचमन, तो तुमच्यासाठी उभा असतो. ॲक्टिव्हेशन २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलं, यूएसी २००७ साली त्यापुढच्या विंडोज व्हिस्टाबरोबर. एक्सपीवर घरोघरी सगळे ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेले मालक, म्हणूनच बसायचे, त्यामुळे जे क्लिक कराल त्याला अख्खं घर मोकळं. विंडोजऐवजी वापरतात त्या फुकटच्या लिनक्सवरही सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड मागतात. तिथे कोण पैसे उकळतंय?

हां, व्हिस्टा अतीच विचारायचं. इतकं, की विंडोज ७ मध्ये विचारणं कमी-जास्त करायला स्लायडर द्यावा लागला. फार वेळा विचारलं की बोट आपोआप ‘यस’वर जातं. माझंही जातं.

“लायसन घेऊनही त्रास तोच,” हे अर्धं खरं आहे. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीचेच सर्व्हर गडबडले आणि हजारो खऱ्या प्रती तासन्‌तास चोरीच्या ठरल्या. आजही मदरबोर्ड (मशीनमधलं मुख्य सर्किट) बदलला की लायसन ओळख विसरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास आणि लाइटचा लपंडाव. बोर्ड उडाला की गिऱ्हाईक विचारतं, “मी पैसे भरले होते ना?” तेव्हा कंपनीची बाजू घ्यायला माझी जीभ रेटत नाही. पण ॲक्टिव्हेट नसलेलं विंडोज १० काही बंद पडत नाही. कोपऱ्यात पुसट अक्षरं येतात, वॉलपेपर आणि रंगांच्या सेटिंग बंद होतात. एवढ्यासाठी घराची किल्ली परक्याच्या हाती द्यायची? धंद्यात चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब आहेच: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड.

आता ॲक्टिव्हेटर. मोठ्या कंपन्यांत विंडोज ॲक्टिव्हेट करणारा केएमएस नावाचा स्वतःचा सर्व्हर असतो, तो १८० दिवसांची मान्यता देतो. बाजारातले बरेच ॲक्टिव्हेटर तुमच्याच मशीनमध्ये असा खोटा सर्व्हर उभा करतात. त्यासाठी आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, मग ॲडमिनचं ‘यस’ मागतात. म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन दार आपणच उघडायचं.

एका छापखान्यात ऐन लग्नसराईत हे झालेलं मी पाहिलंय. सकाळी मशीन सुरू केलं तर प्रत्येक लग्नपत्रिकेच्या फाइलीला चार अक्षरांची भलतीच शेपटी. उघडतच नव्हत्या. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक फाइल: फाइली परत हव्या तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. चोरानेही सूट दिली होती! मालक म्हणाले, “आदल्या रात्री फक्त ॲक्टिव्हेटर टाकला होता.” बॅकअपचा पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला, तोही गेला. मुहूर्त काही थांबत नाही. छापलेल्या जुन्या प्रती समोर ठेवून आम्ही दोघांनी रात्रभर आजोबा-आजी, काका-काकू पुन्हा टाइप केले.

अपडेटबद्दल दोन तारखा पुरे. वॉनाक्राय हा असाच फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ला आलं होतं. हल्ला झाला १२ मेला, अपडेट न टाकलेल्या मशीनवर.

आबांना मी एवढंच दाखवलं: यूएसीची पट्टी निळी असेल तर नाव वाचा, आणि तुम्हीच काही सुरू केलं असेल तरच ‘यस’. पट्टी पिवळी आणि ‘अननोन’ दिसलं तर ‘नो’ दाबून मला फोन करा.

“आन् तू फोन नही उचला ते?”

“तोपर्यंत ‘नो’च राहू द्या, आबा.”