शाळा सुधारणा समितीच्या उमेदवारीबाबत खुलासा

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळा सुधारणा समितीवर, उभे राहण्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे व कन्नड लिहिता-वाचता येणे सक्तीचे आहे आणि वडील हयात असताना आईला उमेदवार होता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. मी स्वतः या समितीसाठी उमेदवार असल्याने कायद्यातील तरतूद मुद्दाम वाचली आणि ती संदेशाशी जुळत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला असाव्या लागतात. या कलमात शिक्षणाची वा भाषेची कोणतीही अट नाही. निम्म्या जागा महिलांच्या असताना आईला अपात्र ठरवणारा मजकूर कायद्याच्या थेट विरोधात जातो.

हे लिहिण्याची निकड अशी की, आमच्या गल्लीतील एक माउली तो संदेश वाचून आपला सातवीचा दाखला पिशवीत घालून विचारायला आली होती आणि माघार घेण्याच्या बेतात होती. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे आणि विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. रोज मुलाचा डबा भरून देणाऱ्या आईला त्यातले पुष्कळ कळते.

तरी तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा, आणि निवडीची तारीख मुख्याध्यापकांकडेच विचारावी.