टिफनी गोड नाहीये, आणि तेच बरंय

टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' मी गेली काही वर्षं भेटेल त्याच्या हातात कोंबत आले आहे. (२००३ सालचं पुस्तक. डिस्कवर्ल्ड मालिकेतलं, पण आधीचं काही न वाचता थेट घेता येतं.) त्यामुळे लोकांची मतंही ऐकून घ्यावी लागतात. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, नायिका टिफनीबद्दलचं: "पोरगी फार कोरडी आहे गं. नऊ वर्षांची वाटतच नाही."

आहेच कोरडी! नदीतून हिरव्या दातांची राक्षसीण वर येते, तर ही बया पुस्तकात तिची माहिती शोधते. डोळे सूप प्लेटएवढे, असं तिथे लिहिलेलं. मग घरातली प्लेट मोजते. आठ इंच. त्यानंतर धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवते आणि राक्षसीण आली की तिच्या तोंडावर फ्रायपॅन हाणते. भाऊ तिला फारसा आवडतही नाही, कारण वेंटवर्थ कायम चिकट आणि कायम गोड मागणारा. परीराज्याची राणी त्याला पळवून नेते तेव्हा टिफनी निघते ती माया दाटून आल्यामुळे नाही. तो 'माझा' आहे, म्हणून. माझा भाऊ, माझ्या मेंढ्या, माझी टेकडी, हात लावून दाखव. ज्यांनी धाकटी भावंडं कडेवर वागवली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी तक्रार जादूची. चेटकिणीचं पुस्तक म्हणून घेतलं आणि मंत्रबिंत्र काहीच नाही! मला वाटतं हे लोक टिफनीच्या आजीची प्रकरणं भराभर उलटतात, आणि खरी जादू तर तिथेच आहे. ही आजी, ग्रॅनी एकिंग, गोष्ट सुरू होण्याआधीच वारलेली आहे. आयुष्यभर मेंढ्या राखल्या, अंगाला तंबाखू आणि टर्पेंटाइनचा वास, बोलणं मोजकंच. टिफनीने जत्रेत जिंकलेली चिनीमातीची मेंढपाळीण तिला भेट दिलेली असते. झालरींचा झगा, रिबिनी, सगळा थाट. आजी ती बाहुली हातात घेऊन नुसती बघत राहते. 'मेंढपाळीण कशी असावी हे मी तिला सुनावतेय असं तर तिला वाटलं नसेल?' ही बोच टिफनीच्या मनातून जात नाही, आणि आता विचारायला आजी नाही. विनोदी म्हणून खपवलेल्या पुस्तकात असं पान येतं आणि मी दरवेळी तिथे अडकते.

आणि मिसेस स्नॅपरली. तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही, याचं मला खरंच नवल वाटतं. जमीनदाराचा मुलगा बेपत्ता होतो. गावाला दात नसलेली, एकटी राहणारी, स्वतःशी बोलणारी म्हातारी सापडते. तिचं घर जाळतात, ती हिवाळ्यात उघड्यावर मरते. टिफनीला चेटकीण व्हायचंय ते यामुळे. परीकथेतल्या म्हातारीच्या भट्टीत पोरं मावतात, पण खऱ्या म्हातारीची भट्टी तेवढी मोठी नव्हतीच, हे तपासणारी सगळ्या गावात ही एकटी. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, आणि जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. त्यामुळे "मुलांची हलकीफुलकी फँटसी" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

फीगल मंडळींबद्दल मात्र भांडणार नाही. सहा इंचांची निळी माणसं, सदा चोऱ्या आणि मारामाऱ्या, बोलणं स्कॉटिश ढंगाचं. पहिल्या पन्नास पानांत बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. मोठ्याने वाचा, नाहीतर स्टीफन ब्रिग्जच्या आवाजातलं ऑडिओबुक ऐका, गाडी सुटते. परीराज्यातली स्वप्नात स्वप्न असलेली प्रकरणं मलाही लांबलेली वाटतात. टेकडीवरून खाली उतरलं की प्रॅचेटचा हात थोडा सैल पडतो. साहजिक आहे म्हणा, खडूच्या त्या टेकड्या त्याच्या ओळखीच्या. विल्टशरमधल्या ब्रॉड चॉक नावाच्या गावातच राहायचा तो.

आवडलं तर पुढे 'अ हॅट फुल ऑफ स्काय' घ्या. टिफनीच्या पुस्तकांतलं शेवटचं 'द शेफर्ड्स क्राऊन' मात्र लगेच नको. ते प्रॅचेट गेल्यावर, २०१५ मध्ये आलं. शेवटचा हात फिरवायला त्याला वेळच मिळाला नव्हता, आणि वाचताना ते कळतं. आधीची चार झाल्यावरच उघडा.