पैलवान आणि सागवान

आमच्या बोक्याचं नाव पैलवान. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहायचं, कुस्त्यांचं खासबाग मैदान हाकेच्या अंतरावर, आणि बोक्याचं नाव 'मिनू' ठेवायचं? गल्लीनं वाळीत टाकलं असतं.

हा गडी सकाळी दूध प्याला की आजोबांच्या सागवानी आरामखुर्चीच्या डाव्या हातावर पंजे रोवतो, पाठ ताणतो आणि खर्रर्र! नखांवरचं जुनं आवरण निघावं म्हणून मांजरं असं करतात. शिवाय पंजातल्या ग्रंथींचा वास मागं ठेवून जागेवर हक्क सांगतात. थोडक्यात, खुर्चीचा सातबारा त्यानं परस्पर आपल्या नावावर करून घेतला होता.

"मी करतो दुरुस्त," मी म्हणालो. आईनं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. बोलली काहीच नाही.

आधी अक्रोड. त्याचा गर ओरखड्यावर घासला की तेल लाकडात मुरतं आणि चरा गडद होऊन लपतो. वरवरचे ओरखडे खरंच लपले. उरलेले अक्रोड मी खाल्ले. इथंच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण चार चरे खोल होते. ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली. पोचा पडून दबलेलं लाकूड वाफेनं फुगून वर येतं. पैलवानानं मात्र लाकूड दाबलं नव्हतं, कापलं होतं. फडकं तेवढं कडक इस्त्रीचं झालं.

मग पॉलिश पेपर. तो लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घासायचा असतो, हे मला नंतर कळलं. मी 120 नंबरचा खरखरीत पेपर घेऊन कढई घासतात तसा गोल गोल फिरवला. चाराचे चाळीस झाले. त्यांत भुसा आणि फेविकॉल कालवून भरला. फेविकॉल जिथं सांडला तिथं लाकूड पॉलिश पिईना. वर, भर जुलैत, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हात मारला. कोल्हापूरचा पाऊस! दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढरं पडतं. तसं ते पडलं. खाली तांबडं, वर पांढरं.

"रस्साच वाढलायस की खुर्चीवर," आई म्हणाली.

शेवटी मिस्त्री आले. खुर्चीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, हे मांजरानं केलं?"

"पहिले चार."

"आणि बाकीचं?"

मी पैलवानाकडं बघितलं. त्यानं मान फिरवली.

"मांजराचा हात बरा हाय," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी सगळं तासून काढलं. पॉलिश पाऊस उघडल्यावर करायचं ठरलं. "पण जुना रंग तंतोतंत न्हाई जुळायचा. ह्यो हात उजळ दिसणार," हे आधीच बजावलं. जाताना खुर्चीशेजारी एक खांब रोवून त्याला काथ्या गुंडाळायला सांगितला. म्हणजे पैलवानाला मल्लखांबच. मी दोन दिवस खपून तो उभा केला. पैलवानानं वास घेतला, एक प्रदक्षिणा घातली आणि सावलीत झोपला.

ऑक्टोबरात मिस्त्री डबा-ब्रश घेऊन हजर. मी ओशाळून खुर्चीचा उजवा हात दाखवला. ताजे, खोल, सहा चरे.

मिस्त्रींचा चेहरा खुलला.

"लई भारी काम झालं की! आता दोन्ही हात तासू. रंगाची काळजीच मिटली."