दोन लिटर मीठपाणी पिऊन टेबलावर येऊ नका

भाचीचं सिझेरियन ठरलंय, बाळ पायाळू आहे. धायरीतल्या कुठल्याशा सोसायटीच्या ग्रुपवरून एक मेसेज तिच्या सासूबाईंकडे आला, त्यांच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे. सोबत प्रश्न: "मावशी, हे खरंय का? मी सरळ पूर्ण भूलच मागते." मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. सकाळी सातारा रोडचं एक नर्सिंग होम, दुपारी कोथरूडचं दुसरं, असं स्कूटरवरून फिरत काम करते. पेशंटच्या नवऱ्यांनी हाच मेसेज ऑपरेशन थिएटरच्या दारात माझ्यापुढे धरलाय. आता तो घरातच शिरला, तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

मेसेज थोडक्यात असा. मणक्यातल्या इंजेक्शनने, म्हणजे स्पायनलने, बीपी धाडकन पडतं, बाळाच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, आईची कंबर कायमची जाते. डॉक्टर पैसे वाचवायला ते देतात. म्हणून पूर्ण भूल मागा. स्पायनल घ्यावंच लागलं तर तासभर आधी दोन लिटर मीठ-साखर-लिंबूपाणी आणि वर कडक दुधाची कॉफी प्या, म्हणजे बीपी पडणारच नाही. बीपी वाढवायचं इंजेक्शन देऊ देऊ नका, ते बाळाला विष. टेबलावर उताणं, सरळ झोपा. आधीपासून बीपी असणाऱ्यांनी तर स्पायनलचं नावही काढू नये.

बीपी पडतं, हे खरं. काहीच खबरदारी घेतली नाही तर दहातल्या सात-आठ जणींपर्यंत पडू शकतं. वारेकडे, म्हणजे प्लासेंटाकडे, जाणारं रक्त आईच्या बीपीवर चालतं, त्यामुळे ते बराच वेळ खाली राहिलं तर बाळाच्या रक्तात आम्ल साठतं, हेही खरं. मेसेजमधलं खरं जवळजवळ इथेच संपतं. बीपी पडतं हे आम्हाला ठाऊक असतं, आणि इंजेक्शन देण्याआधीच त्याची तयारी झालेली असते, हे मात्र लिहिणाऱ्याने सांगितलं नाही.

आता ते मीठपाणी. स्पायनलनंतर बीपी पडतं ते अंगात पाणी कमी असतं म्हणून नव्हे. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा त्या औषधाने बधिर होतात आणि वाहिन्या सैल पडतात. सोसायटीत सगळ्या मजल्यांचे नळ एकदम सोडले की टाकी भरलेली असूनही धार बारीक होते, तसं. वर्षानुवर्षं आम्हीही आधी शिरेतून लिटरभर सलाईन चढवत होतो. ते वाहिन्यांत टिकत नाही आणि त्याने फारसं भागत नाही, हे 1990 च्या दशकातच दिसलं. आता सलाईन स्पायनलच्या सोबतच वेगाने सोडतात, तेही औषधाला जोड म्हणून. थेट शिरेत जाणाऱ्या पाण्याची ही गत, तर पोटातल्या लिंबूपाण्याने काय होणार?

पण ते नुसतं निरुपयोगी असतं तर मी इतकी चिडले नसते. मेसेजमधले दोन सल्ले एकत्र वाचा: पोट भरून या, आणि पूर्ण भूल मागा. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. भुलीत असताना पोटातलं फुफ्फुसात गेल्याच्या 66 घटना त्यांना सापडल्या. घन अन्नाने श्वासमार्ग बंद होऊन दोघी दगावल्या. गरोदरपणात जठराच्या तोंडाची पकड सैल असते, शिवाय गर्भाशयाचा दाब असतो. पूर्ण भुलीत खोकून बाहेर काढायची शुद्ध नसते. तरीही रिकाम्या पोटाचा आग्रह म्हणजे डॉक्टरांची हौस आहे असं कुणाला वाटत असेल, तर काय बोलावं! दुधाची कॉफी आमच्या लेखी अन्नच, सहा तास आधी बंद. साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत थोडाथोडा चालतो. त्यामुळे बाईला आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्यालाही तरसवणारी काही नर्सिंग होम्सही चुकतातच, हेही सांगते.

बीपीच्या इंजेक्शनबद्दल. 2018 मध्ये 'ॲनेस्थेशिया' या नियतकालिकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन आलं, नेमकं याच विषयावर. रक्तवाहिन्या आवळणारं औषध सिझेरियनच्या स्पायनलमध्ये सर्रास वापरा, आणि शक्यतो बीपी पडायची वाट न पाहता आधीच सुरू करा, असं ते म्हणतं. पहिली पसंती फेनिलेफ्रिनला. वरचं बीपी मूळच्या नव्वद टक्क्यांवर ठेवायचं, ऐंशीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. म्हणजे 120 असेल तर 108 च्या वर, आणि 96 च्या खाली कधीच नाही. मेसेज ज्याला विष म्हणतो, बाळाचा रक्तपुरवठा राखणारं औषध तेच.

'विष' कुठून आलं असेल, त्याचा अंदाज आहे. पूर्वी बीपी वाढवायला एफेड्रिन द्यायचे, मेंढ्यांवरच्या जुन्या प्रयोगांच्या भरवशावर. ते वारेतून बाळाकडे जास्त जातं आणि बाळाच्या रक्तातलं आम्ल वाढवतं, म्हणून मागे पडलं. आपल्याकडे मेफेंटरमिन हे बीपी वाढवणारं आणखी एक औषधही बरंच चालतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. फेनिलेफ्रिनच्या दहा मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून शंभर मिली सलाईनचं पातळ औषध मी आधीच करून, लेबल लावून ठेवते. इंजेक्शन झालं की बाईला झोपवायचं आणि उजव्या कुशीखाली उशी सारून पोट डावीकडे कलवायचं. दंडावरचा बीपीचा पट्टा दर मिनिटाला फुगतो. "पाय गरम झाले," ती म्हणते. थोड्या वेळाने "मळमळतंय" म्हणाली, तर मॉनिटरचा आकडा यायच्या आत माझा हात सिरिंजवर गेलेला असतो, कारण बीपी घसरल्याची पहिली खबर बहुधा ती मळमळच देते. फेनिलेफ्रिनने नाडी मंदावते, म्हणून तिकडेही डोळा असतो.

उताणं झोपण्याचा सल्ला तर उफराटाच आहे. सरळ उताणं झोपलं की भरलेलं गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या शिरेवर बसतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. थोडं कलवणं कितपत पुरतं यावर आमच्यात वाद आहेत, पण मी तरी कलवूनच झोपवते.

बाकीचं भराभर. कायमची कंबरदुखी स्पायनलमुळे होते असा पुरावा नाही. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखतं. डोकेदुखी होऊ शकते, बारीक सुयांमुळे ती आता क्वचित होते. प्रीएक्लॅम्प्शियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार झालेल्या, बायकांचं बीपी स्पायनलनंतर उलट कमी पडतं, आणि प्लेटलेट ठीक असतील तर त्यांना स्पायनलच पसंत करतात. स्पायनल स्वस्त पडतं, हे मान्य. पण स्वस्त म्हणून वाईट, हे पुण्यात कधीपासून?

पूर्ण भूल वाईट नाही. खूप रक्तस्राव होत असेल, नाळ बाहेर आली असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर मीच ती देते. पण सिझेरियनच्या पूर्ण भुलीत साधारण 443 मध्ये एकदा श्वासनलिकेत नळी घालता येत नाही. हौसेने मागायची ती गोष्ट नव्हे.

भाचीला सांगितलंय, भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच भेट. बीपीचं औषध आधीच तयार ठेवता का, ते विचार. दर मिनिटाला बीपी बघणार का, तेही विचार. प्लेटलेटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ने. आणि सासूबाईंचा थर्मास घरीच ठेव.