गिटार म्हणजे कुरडई नव्हे

परवा भर दुपारी भाचा मोटारसायकलला गिटार बांधून वणीला माझ्याकडे आला. खोळ काढायच्या आधीच म्हणाला, "मामाजी, ब्रिज थोडासा उचलला." थोडासा! ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली मी लग्नपत्रिकेचा कोपरा सरकवून पाहिला, तो बोटभर आत गेला. ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत टॉपला, म्हणजे समोरच्या फळीला, सरळ तडा. नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, कडेवरून बोट फिरवलं तर फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं करवतीच्या दातांसारखी लागली. ही गिटार त्याच्या बापानं कॉलेजात असताना घेतलेली. दोन महिन्यांपूर्वी याच हातांनी मी तिच्या तारा बदलल्या होत्या, तेव्हा ती धडधाकट होती.

"काय केलं बे हिले?"

"काही नाही. दोन दिवस स्लॅबवर ठेवली. आईच्या कुरडयांच्या बाजूले."

"कायले?"

"मेसेज आला होता ना."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे चार ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या भजनी मंडळाचा, जिथे गिटार कुणाच्या बापजन्मी वाजलेली नाही. 'जुनी गिटार घेताना या ६ गुप्त खुणा पाहा, दुकानदार कधीच सांगणार नाही.' सहा मुद्दे असे: गिटार जितकी जुनी तितकी भारी. एकही पार्ट बदललेला असेल तर ती नकली. नाव आणि नंबर दिसला की डोळे मिटून घ्या. घेतल्यावर जुनं पॉलिश खरवडून नवं मारा, किंमत दुप्पट. आवाज 'उघडायला' तीन दिवस कडक उन्हात ठेवा. आणि मूळ तारा कधीही काढू नका.

हे वाचून भाच्याने बापाच्या गिटारीवर पाचवा मुद्दा करून पाहिला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण भाव वाढायची वाट पाहत एप्रिलपर्यंत घरात ठेवलेला कापूस विकून आलेले साठ हजार रुपये तो नागपूरच्या एका विक्रेत्याला '१९६८ च्या गिब्सन'साठी, म्हणजे त्या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीच्या गिटारीसाठी, देणार होता. पेरणी तोंडावर आहे, बियाणं घ्यायचं आहे, आणि माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं. आता आहे.

म्हणून उन्हापासूनच सुरुवात करतो, बाकीचे मुद्दे थांबतील.

गिटारचा टॉप म्हणजे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची लाकडाची फळी. तिच्यावर सहा तारांचा मिळून सत्तरेक किलोचा ताण असतो, अख्खा माणूस ब्रिजला लोंबकळावा तसा. आतून आडव्यातिडव्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्यांना ब्रेसिंग म्हणतात. लाकूड सुकलं की रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळपास नाही. आता टॉप आकसायला बघतो आणि आतल्या पट्ट्या त्याला आकसू देत नाहीत. मग तो फाटतो. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, आकसतो, पण धातूचे फ्रेट आहेत तेवढेच राहतात, म्हणून टोकं बाहेर येतात. आणि जुन्या गिटारीचे जोड सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाचे, असतात. सरस उष्णतेनं मऊ पडतो, सुताराला विचारा. पांढरा गोंदही पडतो. वर सत्तर किलो ओढतायत, खाली गोंद ढिला झालाय. ब्रिज उचलला जाणार नाही तर काय होईल?

गिटार कंपन्या सांगतात, हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि दुपारची आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्या खाली. इथे सावलीतल्या खोलीत गिटार वाचवायची मारामार, अन् हे शहाणे तिला स्लॅबवर ठेवायला सांगतात. मी काय करतो ते सांगतो: साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा, डबी पेटीत आणि पेटी बंद. गिटार कूलरच्या खोलीत ठेवली तर चालते, कूलरच्या तोंडासमोर नाही.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. 'तापवलेल्या लाकडाचा आवाज चांगला' ही अफवा हवेतून आलेली नाही. टॉरिफिकेशन नावाची प्रक्रिया आहे. भट्टीतला ऑक्सिजन अगदी कमी करून लाकूड तापवतात, त्यामुळे नव्या लाकडाला जुन्यासारखे काही गुण येतात. मार्टिन ही अमेरिकन गिटार कंपनी असे टॉप वापरते. यामाहाचीही अशी एक पद्धत आहे, त्यात तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब तिन्ही ताब्यात ठेवतात. पण हे सगळं सुट्या फळ्यांवर होतं, गिटार जुळवायच्या आधी. चिकटवलेल्या, तारा ताणलेल्या गिटारीवर नाही. भट्टीत वीट भाजतात म्हणून कुणी बांधलेलं घर भट्टीत घालत नाही.

चौथा मुद्दा याच्याच जातीचा. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं, सुतार ज्याला एनसी म्हणतात ते. वर्षानुवर्षं थंडी-उन्हाळा सोसून त्यावर काचेसारख्या बारीक रेघा पडतात. त्या रेघांना रोग समजून खरवडलं की गेलं. बाजारातला ढोबळ हिशोब असा आहे की मूळ पॉलिश काढलेल्या गिटारीची किंमत निम्म्यावर येते. शिवाय सुताराच्या पॉलिशपेपरखाली तीन मिलिमीटरच्या फळीचं किती उरेल? जाड पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारून दारासारखी चकाकणारी गिटार मी पाहिली आहे. वाजवली की आवाजही दारासारखाच. पॉलिश मूळ आहे का ते बघायचं असेल तर किराणा दुकानदाराकडचा नोटा तपासायचा जांभळा लाइट मागून घ्या आणि अंधारात धरा. जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं. नंतर कुठे डागडुजी झाली असेल तर तेवढा डाग वेगळा दिसतो.

पार्ट बदललेला म्हणजे नकली? बंडीच्या चाकाची धाव बदलली म्हणून बंडी खोटी ठरत नाही. नट आणि सॅडल (तारा दोन टोकांना टेकतात त्या पट्ट्या), फ्रेट, ब्रिजपिना (ब्रिजमध्ये तारा अडकवायच्या खुंट्या) हे सगळं झिजण्यासाठीच असतं. पन्नास वर्षं वाजलेल्या गिटारीला पहिलेच फ्रेट असतील आणि तेही झिजलेले नसतील, तर मला आधी शंका येईल. तारा ताणायच्या जुन्या क्लूसन कंपनीच्या चाव्यांची प्लॅस्टिकची बोंडं तर हातात भुगा होऊन येतात. त्या बदलाव्याच लागतात. हां, संग्राहक मूळ चाव्यांना जास्त पैसे मोजतात हे खरं आहे, म्हणून काढलेला पार्ट पुडीत बांधून पेटीत ठेवावा. एवढंच.

बघायचं ते वेगळंच आहे. हेडस्टॉकच्या, म्हणजे चाव्या असतात त्या नेकच्या टोकाच्या, मागे चाव्यांच्या शेजारी बुजवलेली जादा भोकं आहेत का? ब्रिजच्या कडेला जुन्या ब्रिजची सावली दिसते का? नसेल तर बरं, असेल तर ब्रिज बदललेला. मग तारा सैल करून साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आत घाला आणि मोबाइलचा टॉर्च मारा. ब्रिजच्या बरोबर खाली एक पातळ लाकडी पट्टी दिसेल, तारांचे गोल मणी तिथे अडकतात. ती पट्टी कुरतडल्यासारखी झाली असेल, तर गिटार भरपूर वाजलेली आहे आणि दुरुस्ती लागेल. बाहेरून बोटानं टकटक करा. ब्रेस सुटलेली असेल तिथे आतून खर्रर्र आवाज येतो. शेवटी एक सरळ पट्टी फ्रेटवर आडवी न ठेवता नेकच्या लांबीत ठेवा आणि ब्रिजपर्यंत न्या. पट्टी ब्रिजच्या माथ्यावर टेकायला हवी. ती खूप खाली, ब्रिजच्या अंगात घुसत असेल, तर नेक काढून पुन्हा बसवावी लागेल. ते काम आमच्या तालुक्यात कुणी करत नाही, मीही नाही.

नंबराचं. मार्टिन कंपनीने १८९८ साली ८००० पासून आकडे टाकायला सुरुवात केली आणि ती ओळ पुढे चालू राहिली. कंपनीचा तक्ता सगळ्यांना खुला आहे: १९६० अखेर १७५६८९, १९६९ अखेर २५६००३. नंबर साउंडहोलमधून नेकच्या ठोकळ्यावर दिसतो. म्हणजे मार्टिनबाबत मेसेजवाल्याला अर्धा मार्क. गिब्सनचं असं नाही. साठच्या दशकात त्यांनी तेच ते नंबर पुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या नंबरावरून साल ठरत नाही. हेडस्टॉकच्या मागे 'मेड इन यू.एस.ए.' ठोकायला १९७० पासून सुरुवात झाली. १९७७ पासून नंबर आठ आकडी झाला. त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल सांगतो आणि दुसरा, तिसरा, चौथा मिळून वर्षातला दिवस.

भाच्याला म्हटलं, त्या '१९६८'चा फोटो दाखव. मागे ठसठशीत 'मेड इन यू.एस.ए.', वर आठ आकडी नंबर. पहिला ९, पाचवा २. म्हणजे १९९२. आणि मधले तीन? ४१२.

"वर्षाले किती दिवस असतात रे?" मी विचारलं. तो बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. जुनं ते सगळंच सोनं नसतं. मार्टिननेच १९४४ नंतर ब्रेसिंग जाड केलं, म्हणून त्याच्या आधीच्या गिटारींचा भाव वेगळा आणि सत्तरच्या दशकातल्यांचा वेगळा. 'ब्राझीलचं रोझवुड आहे' असं कुणी सांगितलं तर साल विचारा. मार्टिनने १९६९ मध्ये ते सोडून भारतीय रोझवुड घेतलं, म्हणजे आपली शिसव. लोक तिला दुय्यम समजतात, याचा मला मनापासून राग येतो. आणि कोलकात्याची गिव्हसन कुणी गिब्सन म्हणून विकत असेल तर त्यात त्या गिटारीचा दोष नाही. माझा हात तिच्यावरच बसला.

राहिल्या मूळ तारा. तारा घामानं गंजतात, काही महिन्यांत मरतात. १९६८ च्या तारा १९६८ च्याच उरल्या असतील तर त्या कपडे वाळत घालायच्याही कामाच्या नाहीत. बारा-त्रेपन्नचा लाइट सेट लावा, म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.०१२ इंचाची आणि सगळ्यांत जाड ०.०५३ इंचाची.

बापाची गिटार माझ्याकडेच आहे. ब्रिज काढून ठेवलाय, तड्याच्या कडा ओल्या स्पंजाच्या डबीसोबत पेटीत हळूहळू जवळ येतायत. मृग लागल्यावर चिकटवीन.