शेकडा किती?

दर एप्रिलला माझा एक मुसलमान मित्र पासबुक भरून आणतो आणि आमच्या कट्ट्यावर बसून व्याजाच्या प्रत्येक नोंदीभोवती पेन्सिलने गोल करतो. यंदा बेरीज आली १,८४६ रुपये. तेवढे काढून तो सरकारी दवाखान्यासमोरच्या मेडिकलवर जातो आणि हातात चिठ्ठी आहे पण खिशात पैसे नाहीत अशा कुणाचं तरी बिल भरतो. वर मला बजावतो, "याला दान म्हणू नको हां. पुण्य, सवाब काही धरायचा नसतो याचा. आपलं नव्हतंच ते, घराबाहेर काढलं इतकंच."

मी छेडलं, "आणि फ्लॅटचं कर्ज?"

"त्याचा जाब वर द्यायचाय. हप्ता मात्र पाच तारखेला इथेच जातो."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. देव आहे की नाही यावर आपण रात्र रात्र भांडतो, पण शेजाऱ्याला दहा हजार दिले तर परत किती घ्यायचे, यावर धर्म काय म्हणतात हे फारसं कुणी काढत नाही.

कुराणात सूरह बकरामध्ये व्यापार हलाल आणि रिबा, म्हणजे व्याज, हराम, असं सरळ सांगितलंय. पाचच आयती पुढे जा, २८०वी. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडूनच दिलंत तर ते जास्त चांगलं. मला ही दुसरी आयत मोठी वाटते. पण बँकांनी डोकं चालवलं ते पहिलीवर. मुराबहा नावाचा व्यवहार असतो : बँक गाडी स्वतः विकत घेते, नफा चढवते आणि तुम्हाला हप्त्यांनी विकते. मधल्या काळात मालाची जोखीम बँकेची, म्हणून हे व्याज नाही, असं जाणकार सांगतात. मला अर्धंच पटतं.

बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात, भावाकडून व्याज घेऊ नको, परक्याकडून घेतलंस तर चालेल, असं आहे. सगळी मेख त्या 'परक्या'त! पुढे ११७९ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन परिषदेत चर्चने उघड व्याजबट्टा करणाऱ्या ख्रिश्चनांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. पैशांची गरज काही थांबली नाही. मग कित्येक ठिकाणी लोक ज्यूंकडून कर्ज घ्यायचे, आणि व्याज खातात म्हणून त्यांचाच द्वेषही करायचे.

आपण हसायचं कारण नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात महिन्याचा दर वर्णानुसार दिलाय : ब्राह्मणाला शेकडा २, क्षत्रियाला ३, वैश्याला ४, शूद्राला ५. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याला दर सगळ्यात चढा. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे दामदुप्पट आहे : व्याज साचून साचून मुद्दलाइतकं झालं की तिथेच थांबायचं. हा नियम इतका पक्का होता की मुंबई इलाख्यातली इंग्रजांची कोर्टंही हिंदू कर्जदाराला तो लावत. माझं मत विचाराल तर व्याजावर संपूर्ण बंदी घातली की माणूस पळवाट शोधतो. मर्यादा घातली की निदान कोर्टात बोट ठेवायला जागा मिळते. पण म्हणून वरचे चार दर पोटात घालायला मी तयार नाही.

बौद्धांचं मला एक आवडतं. उपसंपदा, म्हणजे भिक्षूची दीक्षा, घ्यायला आलेल्याला जे प्रश्न विचारतात त्यात एक असतो, 'तू ऋणमुक्त आहेस ना?' म्हणजे देणी बुडवून चीवर पांघरता येत नाही.

आणि आपले तुकोबा. घरी पिढीजात महाजनकी, त्यात दुष्काळ. परंपरेत सांगतात की कर्जखतांतला भावाचा अर्धा वाटा त्यांनी त्याला दिला आणि स्वतःचा वाटा इंद्रायणीत बुडवला. अर्धा! भावावर वैराग्य लादलं नाही, हे मला त्या बुडवण्याइतकंच मोलाचं वाटतं. पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हाही त्यांना हवे होते ते कागदच. सावकाराने कर्जखतं मुकाट्याने काढून दिली तिथे मारहाण फारशी झाली नाही. खतं मात्र जाळली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

हे सगळं मी आईला सांगत होतो. ती बचत गटाची वही लिहीत होती. त्यांचा दर महिना शेकडा २. मी म्हटलं, "म्हणजे मनूचा ब्राह्मणाचा दर तुम्ही सगळ्यांना लावता." तिने चष्म्यावरून पाहिलं. "व्याज जातं कुठे? वर्षअखेरीला आमच्यातच वाटतो ना." मग एका नावापुढे तिने बोट ठेवलं. त्या बाईचा नवरा दोन महिने अंथरुणाला खिळलाय. व्याजाचा रकाना दोन्ही महिने कोरा होता.

"ठराव केलात?"

"कसला ठराव? लिहिलंच नाही."

मी तिला २८०वी आयत वाचून दाखवली. "बरोबरच आहे की," म्हणाली, आणि पुढच्या नावाची बेरीज करायला लागली.